साताऱ्यातून पहिल्यांदाच हिमालयात ट्रेकला जाताय? तयारी अशी करा

आपल्याकडं गड चढणाऱ्यांना तोटा नाही. रोज पहाटे अजिंक्यतारा करणारे आहेत, वासोटा, कमळगड, पांडवगड सगळं करून झालेले आहेत, आणि मग कधीतरी कुणाचे तरी केदारकंठाचे फोटो स्टेटसला दिसतात आणि ठरतं की यंदा आपण पण जायचंच. जा, नक्की जा. पण पैसे भरायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, पुढची सगळी तयारी तिच्यावरच आहे: इथं कितीही गड चढलात तरी उंचीची सवय इथं होत नाही.

आकडे बघा ना. सातारा शहर साधारण २,४०० फुटांवर, महाबळेश्वर साडेचार हजारांच्या आसपास, आणि अख्ख्या महाराष्ट्रात सगळ्यात उंच कळसूबाई, ते ५,४०० फूट. विरळ हवेचा त्रास सुरू होतो साधारण ८,००० फुटांच्या वर. म्हणजे जिथं शरीर खरं कुरकुरायला लागतं ती उंची आपल्या राज्यात कुठंच नाही. वरच्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच असतं, २१ टक्के, पण हवेचा दाबच उतरतो, १२,००० फुटांवर तो समुद्रकाठच्या मानानं ६५ टक्क्यांच्या आसपास येतो, त्यामुळं प्रत्येक श्वासात पदरात पडणारा ऑक्सिजन कमी. शरीर याच्याशी जुळवून घेतं, श्वास वाढतो, लघवी वाढते, हळूहळू सगळं रुळतं, पण त्याला दिवस लागतात आणि ते दिवस वरच काढावे लागतात. तोंडाला मास्क बांधून पळलं म्हणून हे आधी उरकता येत नाही.

मग इथं तीन महिने घाम गाळायचा कशाला? तर यासाठी की पाय आणि दम तयार असला की वर शरीराला एकच काम राहतं, उंचीशी जुळवून घ्यायचं. पाय दुखतायत, शूज चावतायत, सॅक खांद्याला रुततीये आणि त्यात डोकं पण दुखतंय, अशी अवस्था झाली की कशानं काय होतंय तेच कळत नाही. ते होऊ नये म्हणून ही सगळी तयारी.

ट्रेक कुठला घ्यायचा

पहिल्यांदा जाताना १२,००० फुटांच्या आसपासचा घ्या. केदारकंठा १२,५०० फूट, उत्तराखंडमध्ये उत्तरकाशी जिल्ह्यात, सांकरी गावातून सुरुवात, हिवाळ्यात बर्फ हमखास, त्यामुळं गर्दी पण असते. हर की दून त्याच भागातला, साधारण ११,७०० फूट, चाल लांब पण चढ सोसण्यासारखा, आणि वाटेत जुनी लाकडी घरांची गावं लागतात, मला विचाराल तर पहिल्या वेळेला केदारकंठापेक्षा हर की दून जास्त शिकवून जातो. पश्चिम बंगालमधलं संदकफू ११,९३० फूट, तिथं तंबूऐवजी घरांत नाहीतर लॉजमध्ये मुक्काम करता येतो, घरातली वयस्कर मंडळी बरोबर असतील तर हा विचार करा. हामटा पास १४,००० फुटांच्या वर जातो, तो दुसऱ्या वेळेसाठी ठेवा. आणि एव्हरेस्ट बेस कॅम्प १७,६०० फूट, तो कितीही खुणावत असला तरी पहिला ट्रेक म्हणून नको.

दिवस कमी असलेलं पॅकेज स्वस्त दिसतं आणि रजा पण कमी लागते, म्हणून लोक तेच घेतात. इथंच थांबून विचार करा. १०,००० फुटांच्या वर गेल्यावर रोज झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा साधारण दीड हजार फुटांपेक्षा जास्त वर नसावी, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं, असा जगभर मानला जाणारा नियम आहे. तुमच्या पॅकेजमध्ये हे बसतंय का बघा. दिवसा किती उंच चढलात त्याच्यापेक्षा रात्री कुठं झोपलात ते महत्त्वाचं. आपल्या साताऱ्याच्या प्रियांका मोहिते २०१३ मध्ये एव्हरेस्टवर आणि २०२१ मध्ये अन्नपूर्णेवर पोचल्या, तसल्या मोठ्या मोहिमांमध्ये सुद्धा कुणी सरळ वर जात नाही, वरच्या कॅम्पला चढायचं, परत खाली येऊन झोपायचं, असं करत करत शरीर तयार होतं.

कंपनीला फोन करून काय विचारायचं

फोटो आणि रील बघून बुकिंग करू नका, फोन करा आणि निवांत प्रश्न विचारा. प्रत्येक रात्रीच्या कॅम्पची उंची किती? बॅचमध्ये माणसं किती आणि त्यांच्यामागं गाईड किती? लीडरनं माउंटेनिअरिंगचा कोर्स कुठून केलाय, उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटमधून, दार्जिलिंगच्या इन्स्टिट्यूटमधून की मनालीतून, आणि प्रथमोपचाराचं ट्रेनिंग आहे का? ऑक्सिजन सिलिंडर प्रत्येक कॅम्पवर असतो की फक्त बेसला? स्ट्रेचर आहे का? रात्री दोन वाजता कुणाला खाली न्यायची वेळ आली तर कोण नेतं, गाडीरस्ता किती तासांवर आहे, जवळचं हॉस्पिटल कुठलं? हवामान बिघडलं तर परत फिरायचा निर्णय कोण घेतं? परमिट कोण काढतं? केदारकंठा आणि हर की दून दोन्ही गोविंद अभयारण्याच्या हद्दीत येतात, वन खात्याचं परमिट लागतं. आणि कॅम्प कुठं लावता तेही विचारा, कारण उत्तराखंड हायकोर्टानं २०१८ मध्ये बुग्यालांवर, म्हणजे तिथल्या उंचावरच्या गवताळ माळांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली होती.

या प्रश्नांना जो माणूस न चिडता, न घाईत उत्तरं देतो त्याच्याबरोबर जा. जो म्हणतो "काय टेन्शन नाय हो, लहान पोरं पण जातात" त्याच्याबरोबर नको.

इन्शुरन्स काढताना त्यात ट्रेकिंग किती उंचीपर्यंत धरलंय ते वाचून घ्या, साध्या प्रवास विम्यात बऱ्याचदा ते नसतं.

डॉक्टर आधी, शूज नंतर

बहुतेक कंपन्या मेडिकल सर्टिफिकेट मागतात. ओळखीच्या डॉक्टरकडून नुसता शिक्का मारून आणू नका, खरंच तपासून घ्या. बीपी, शुगर, हिमोग्लोबिन एवढं तरी. हिमोग्लोबिन मुद्दाम सांगतीये कारण आपल्याकडं बायकांमध्ये ते कमी असणं अगदी घरोघरी आहे, आणि रक्तातला ऑक्सिजन तेच वाहून नेतं. तीन महिने हातात असले तर गोळ्या घेऊन, खाण्याकडं लक्ष देऊन ते वाढवता येतं, आठ दिवसांत नाही. चाळिशीच्या पुढचे असाल किंवा घरात हार्टचा त्रास असेल तर ईसीजी आणि स्ट्रेस टेस्टबद्दल डॉक्टरांना विचारा. दमा असेल तर लपवू नका, इन्हेलर बरोबर घ्या आणि तो कुठल्या खिशात आहे ते लीडरला माहीत पाहिजे. दाढ ठणकत असेल तर जायच्या आधी दाखवून या, वर दाढदुखी सुरू झाली तर काही करता येत नाही.

डायमॉक्सबद्दल सगळेच विचारतात. ही गोळी शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत करते, बहुतेक वेळा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून, असा डोस देतात. पण ती सल्फा गटातली आहे, सल्फाची अॅलर्जी असलेल्यांना चालेलच असं नाही, किडनीचा त्रास असेल तरी विचारावं लागतं, त्यामुळं मेडिकलमधून परस्पर आणून सुरू करू नका. बोटांना मुंग्या येणं आणि वारंवार लघवीला लागणं हे तिचे नेहमीचे परिणाम, घाबरायचं नाही. आणि गोळी घेतली म्हणून पळत वर जायची परवानगी मिळाली असं अजिबात नाही.

साताऱ्यातली तयारी

इथं आपण खरंच नशीबवान आहोत. पुण्या-मुंबईची माणसं बिल्डिंगचे जिने चढउतार करतात, आपल्याला दारात डोंगर आहे.

पहिला महिना फक्त सवय लावा. आठवड्यातून चार-पाच दिवस, पाऊण तास झपाझप चालायचं, शाहू स्टेडियमला फेऱ्या मारा नाहीतर रस्त्यानं जा, आणि दोन दिवस अजिंक्यतारा. गडावर जाताना एकच तपासायचं, चढता चढता शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येतंय का. शब्द तुटत असतील तर वेग कमी करा, लाज वाटायचं कारण नाही. हाच वेग तुम्हाला वर कामाला येणार आहे, तो आत्ताच पायात मुरवा. आपल्या पोरांना गड म्हटलं की टायमिंग लावायची खोड असते, वीस मिनिटांत वर, अठरा मिनिटांत वर. ती खोड या तीन महिन्यांपुरती तरी सोडा. वर त्रास होतो तो बऱ्याचदा अशाच ताकदवान पोरांना, कारण ती सगळ्यांच्या पुढं पळत कॅम्पला पोचलेली असतात. तुमचं शरीर किती फिट आहे याच्याशी उंचीच्या त्रासाचं काही देणंघेणं नाही.

घरी आठवड्यातून दोन-तीनदा व्यायाम: स्क्वॉट, लंजेस, पायरीवर चढउतार, टाचा उचलून पोटऱ्यांचा व्यायाम, प्लँक. जिम लागत नाही. गुडघे कुरकुरणारे असतील त्यांनी मांड्यांवर जास्त लक्ष द्या, उतरताना सगळा भार मांड्याच घेतात.

दुसऱ्या महिन्यात पाठीवर सॅक चढवा. आधी चार-पाच किलो, मग सात-आठ. वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या भरा, आणि गडावर पोचल्यावर मंगळाईच्या देवळाकडं टेकलात की त्या बाटल्या वरच्या एखाद्या झाडाला ओतून टाका आणि रिकामी सॅक घेऊन खाली या. चढताना वजनाचा व्यायाम होतो, उतरताना गुडघ्यांवर फुकटचा भार येत नाही, आणि उन्हाळा असेल तर झाडाला पाणी मिळतं. तिसऱ्या महिन्यापासून मात्र थोडं वजन घेऊन उतरायची पण सवय करा, कारण वर तुमचं सामान कुणी रिकामं करून देणार नाही.

रविवारी यवतेश्वरचा घाट. हिल मॅरेथॉन होते तोच, समर्थ मंदिराकडून वर. सलग चढ आहे, गाड्या असतात म्हणून उजाडायच्या सुमारास जा. हळू पळत, चालत, कसंही, पण न थांबता वर. बऱ्याच कंपन्या ५ किलोमीटर ३५ ते ४० मिनिटांत पळून दाखवा म्हणतात, स्क्रीनशॉट पण मागतात, ते सपाटीवरचं असतं, यवतेश्वर करणाऱ्याला ते जड जाणार नाही.

तिसऱ्या महिन्यात सगळ्यात कामाची गोष्ट, लागोपाठ दोन दिवस. शनिवारी जरंडेश्वर, रविवारी सज्जनगड. किंवा वैराटगड आणि पांडवगड. एका दिवसाचा गड सगळेच करतात, पण हिमालयात पोटऱ्या दुखत असतानाच दुसऱ्या दिवशी सकाळी परत सहा-सात तास चालायचं असतं आणि तिसऱ्या दिवशी परत. अंग दुखत असताना चालणं कसं असतं ते शरीराला आधी दाखवून ठेवा. वासोटा होत असेल तर फारच छान, बामणोलीतून बोटीनं जायचं, जंगलातली लांब चाल, पण त्याला वन खात्याची परवानगी लागते आणि पावसाळ्यात बंद असतो. पावसाळ्यात तयारी करत असाल तर भिजायला घाबरू नका, उलट पोंचो आणि सॅकचं कव्हर किती पाणी आत सोडतं ते आपल्या पावसात जेवढं कळतं तेवढं दुसरीकडं कुठं कळणार.

शेवटचा आठवडा हलकं चालायचं फक्त. शेवटच्या चार दिवसांत राहिलेलं भरून काढायला गेलं की स्नायू दुखावूनच गाडीत बसायची वेळ येते.

शूज

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण ट्रेक मोडायला दर वेळी उंचीच लागते असं नाही, पायाला आलेले फोड पण पुरतात.

शूज संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय थोडा फुगतो, तो खरा माप. जाड मोजे घरून घेऊन जा आणि ते घालूनच ट्राय करा. लेस सोडून पाय पुढं सरकवा, अंगठा टोकाला टेकला की मागं टाचेशी एक बोट आरामात गेलं पाहिजे. मग लेस बांधून दुकानातल्या उतारावर किंवा जिन्यावर खाली उतरा, अंगठा पुढं आपटतोय? मग तो शूज सोडून द्या, कितीही डिस्काउंट असला तरी. घोट्याच्या वर येणारा, जाड ग्रिपचा, पाणी आत न येणारा असा पाहिजे. रनिंग शूजवर बर्फात जाऊ नका.

घेतल्यावर किमान महिनाभर रोजच्या अजिंक्यताऱ्याला तोच घाला. नवा शूज डायरेक्ट सांकरीत काढणाऱ्याची टाच दुसऱ्याच दिवशी सोललेली असते. आणि कपाटात चार-पाच वर्षं ठेवलेला जुना ट्रेकिंग शूज असेल तर त्याच्यावरही डोळे झाकून भरवसा नको, वरून कोरा करकरीत दिसला तरी आतला फोमचा थर नुसता पडून पडून कुजतो आणि तळवा भर वाटेत सुटून येतो. हातानं वाकवून, तळवा ओढून बघा, मग आठवडाभर घालून गड चढा.

लेस बांधायची एक पद्धत शिकून घ्या. वरच्या शेवटच्या दोन भोकांमध्ये, प्रत्येक बाजूला लेस सरळ वर नेऊन त्याच बाजूच्या भोकात घालायची, म्हणजे दोन्ही बाजूंना छोटा फास तयार होतो, मग उजवी लेस डाव्या फासातून आणि डावी उजव्या फासातून ओढायची आणि खाली खेचून गाठ मारायची. टाच शूजमध्ये जागच्या जागी बसते, मागं घासत नाही आणि उतरताना पाय पुढं सरकत नाही. चढताना घोट्याशी जरा सैल, उतरताना घट्ट. नखं निघायच्या तीन-चार दिवस आधी कापा, आदल्या दिवशी खोलवर कापून टोचून घेऊ नका. आणि चालताना कुठं गरम झाल्यासारखं लागलं तर तिथल्या तिथं थांबून टेप लावा, पुढच्या ब्रेकपर्यंत वाट बघायची नाही, गरम लागणं म्हणजे फोड यायच्या आधीची पंधरा मिनिटं.

कपडे आणि सॅक

जीन्स आणि कॉटनचे टीशर्ट घरी ठेवा. कॉटन घाम पितं, वाळत नाही, आणि थांबलं की तेच ओलं कापड अंग गार पाडतं. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, वर वारा वेगळा. एकच जाडजूड जॅकेट घेण्यापेक्षा थर करा: अंगाला ड्रायफिट नाहीतर थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर पॅडेड जॅकेट, आणि सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं. चालताना गरम होतं म्हणून काढायचं, थांबलं की लगेच घालायचं, थंडी वाजायची वाट बघायची नाही. झोपायचे थर्मल आणि एक मोज्यांचा जोड वेगळा पिशवीत, तो चालताना कधीच घालायचा नाही. कानटोपी, दोन जोड हातमोजे, उन्हाची टोपी. गॉगल चांगला यूव्ही अडवणारा, बर्फावरून ऊन परत वर येतं आणि उघड्या डोळ्यांना एका दिवसात आग लागल्यासारखं होतं. सनस्क्रीन नाकाच्या खाली आणि हनुवटीच्या खाली पण लावा.

जॅकेट, पोल (चालताना टेकायच्या काठ्या), गेटर (बर्फ शूजमध्ये जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायचं कव्हर), मायक्रोस्पाइक (बर्फावर घसरू नये म्हणून शूजवर चढवायचे लोखंडी दाते) भाड्यानं मिळतात, सगळं विकत घ्यायची गरज नाही. शूज, मोजे आणि आतले कपडे स्वतःचेच.

मोठी सॅक खेचरावर देता येते, पैसे घेतात, पहिल्या वेळेला द्यायला काही हरकत नाही. पण छोट्या सॅकमध्ये, जी कायम तुमच्या पाठीवर, त्यात पावसाचं जॅकेट, एक गरम कपडा, पाणी, खाणं, हेडटॉर्च आणि औषधं असलीच पाहिजेत, सकाळी ऊन कितीही लख्ख असू दे. जून २०२४ मध्ये उत्तरकाशीतल्या सहस्रतालच्या ट्रेकवर हवामान अचानक बिघडलं आणि कर्नाटकातून आलेल्या ग्रुपमधले ९ जण गेले. जून महिना होता. डोंगरात महिना बघून थंडी ठरत नाही.

खाण्याचं फार नेऊ नका, कॅम्पवर जेवण चांगलं असतं. चालताना तोंडात टाकायला सांगलीकडचे बेदाणे, खजूर, शेंगदाण्याची चिक्की यांच्यापुढं महागाच्या बारची गरज नाही. शेंगदाण्याची चटणी एक डबी न्या, वर भूक मरते तेव्हा चार घास पोटात जातात. आणि कंदी पेढे न्या, स्वयंपाकी, खेचरवाले, गाईड यांना द्यायला. ती माणसं आपल्यासाठी पहाटे तीनला उठून चहा करतात.

बायकांसाठी: पाळीची तारीख आली म्हणून ट्रेक रद्द करू नका, फक्त पॅड किंवा कप जास्तीचे, आणि वापरलेलं सगळं झिपच्या पिशवीत परत खाली आणायचं. ओले टिश्यू पण. वर काही कुजत नाही.

प्रवास

रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, तारीख कॅलेंडरला लावून ठेवा. गोवा एक्सप्रेस मिरज, सातारा, पुण्यावरून दिल्लीला निजामुद्दीनला जाते, तिथून डेहराडून, आणि डेहराडून ते सांकरी गाडीनं अख्खा दिवस. घाटात गाडी लागणाऱ्यांनी गोळी आधीच घ्या. जाताना एक आणि येताना एक दिवस मोकळा ठेवा, दरड कोसळली की तिथं रस्ता कधी खुला होईल सांगता येत नाही.

वर गेल्यावर

पहिल्या दिवशी सगळ्यांच्या अंगात जोर असतो. मागं राहा. लीडरच्या पुढं जायचं नाही, फोटोसाठी पळायचं नाही. दिवसाला तीन-चार लिटर पाणी, थोडं थोडं, त्यात एक ओआरएस. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय. कॅम्पला पोचल्यावर लगेच तंबूत आडवं व्हायचं नाही, अर्धा-पाऊण तास इकडं तिकडं हळू फिरा, लीडर थोडं वर चढवून परत खाली आणतात ती फेरी कंटाळा करून चुकवू नका. दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण बंद. सिगारेट पण.

रात्री झोप तुकड्यातुकड्यांत लागते, श्वास मध्येच थांबल्यासारखा होऊन एकदम मोठा श्वास घेऊन जाग येते, हे उंचीवर बऱ्याच जणांना होतं. मोबाईल, पॉवरबँक, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, नाहीतर थंडीनं उतरतात. पाण्याची बाटली उलटी ठेवा, बर्फ वरच्या बाजूनं धरतो, मग सकाळी झाकणाशी पाणी मोकळं मिळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डोकं दुखणं, मळमळ, भूक नसणं, गरगरणं, खूप थकवा, यांतलं काही झालं की लगेच लीडरला सांगायचं. संध्याकाळी ते सगळ्यांना विचारतात तेव्हा नाही, झालं की लगेच. आपल्या लोकांना सांगायची सवय नसते, "जरा डोकं धरलंय, होईल बरं", "माझ्यामुळं सगळ्यांचा ट्रेक नको खराब व्हायला" असं म्हणून गप्प झोपतात. हौसेनं एवढे पैसे भरलेत, गावात सगळ्यांना सांगून आलोय, परत कसं फिरायचं, हेही मनात असतं. मला हे कळतं, पण गप्प बसण्यानंच साधा त्रास मोठा होतो. वेळेत सांगितलं तर बहुतेक वेळा पाणी, आराम आणि त्याच उंचीवर एक रात्र जास्त एवढ्यावर भागतं. आणि डोकं दुखत असताना आणखी वर चढायचं नाही, हा नियम कुणासाठीही मोडायचा नाही.

बोटाला लावतात त्या ऑक्सिमीटरचा आकडा एकमेकांत कम्पेअर करत बसू नका. बोट गार असलं किंवा नेलपॉलिश असलं तरी आकडा चुकतो. हात चोळून गरम करून लावा. आकडा चांगला आहे पण माणूस बरा दिसत नाही, तर माणसाकडं बघायचं.

दोन गोष्टींत एक मिनिटही घालवायचं नाही. एक, मेंदूला सूज. माणूस विचित्र बोलायला लागतो, गोंधळतो, तोल जातो. त्याला जमिनीवर सरळ रेषेत, एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला लावत दहा पावलं चालायला सांगा, दारू प्यायल्यासारखा झोकांडी खाऊ लागला तर थकवा समजायचं नाही. दुसरी, फुप्फुसात पाणी. बसून असताना सुद्धा धाप, सतत खोकला, छातीत घरघर, ओठ निळसर, पुढं पुढं गुलाबी फेसासारखी थुंकी. दोन्हीवर खरा उपाय एकच, खाली उतरवणं. रात्र असली तरी, पाऊस असला तरी. ऑक्सिजन आणि औषधं ही उतरवेपर्यंतची मदत. तुमच्या तंबूतला जोडीदार असा दिसला तर तो नको नको म्हणाला तरी लीडरला उठवा, या अवस्थेत त्याला स्वतःचं कळत नसतं.

शिखराच्या दिवशी रात्री दोन-तीनला निघायचं असतं. आदल्या संध्याकाळीच सॅक भरून, कपडे पायाशी काढून ठेवा, अंधारात थंडीत शोधाशोध नको. निघताना थोडं गार वाटलं पाहिजे, दहा मिनिटांत गरम होतं. लीडरनं सांगितलेल्या वेळेला जिथं असाल तिथून मागं फिरायचं, शिखर समोर दिसत असलं तरी.

उतरताना पोल थोडे लांब करा, लेस परत घट्ट बांधा, पावलं छोटी टाका आणि टाचेवर आपटत उतरू नका. दमलेल्या पायांनी घसरायचं प्रमाण उतरतानाच जास्त असतं, त्यामुळं गप्पा आणि मोबाईल दोन्ही खिशात. घरी आल्यावर आठवडाभर अजिंक्यतारा नको, साधं चालणं ठेवा. खोकला किंवा धाप खाली येऊनही कमी होत नसेल तर डॉक्टरकडं जा आणि त्यांना किती दिवस किती उंचीवर होता ते आवर्जून सांगा, नाहीतर ते साधा सर्दी-खोकला समजून औषध देतील.